वेष्टीचा काठ

आधी अक्कांचं लिहितो. बाकीचं नंतर, कारण बाकीचं मला अजून नीट कळलेलं नाही. अक्कांचं तेवढं कळलेलं आहे.

अक्का आमच्या घरमालकीण. मद्रासला मैलापुरात देवळाच्या तलावामागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. तमिळच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. जन्म तंजावरचा आणि घरातलं बोलणं मराठी, पण ती माझ्या गावची मराठी नव्हे. त्यांच्या घराण्यातले लोक कधीकाळी खाली आले, येताना जी मराठी आणली तीच अजून वापरतात, आणि वर तमिळचा सूर लावतात. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. त्यांचं बोलणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, वर कुणीतरी पोथी वाचतंय.

आमच्या सांगलीकडच्या कोरड्या पट्ट्यातले लोक गलाईच्या धंद्यात देशभर गेलेले आहेत. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवायचे, तेजाबात सोनं शुद्ध करायचं, त्याची लगड करून पेढीवर परत द्यायची. मी आधी चुलत्याच्या हाताखाली कोइमतूरला होतो, मग इथे स्वतःची लहानशी भट्टी टाकली. लग्न झाल्यावर बायकोला आणायचं तर खोली हवी. भट्टी दुकानात असते, खोलीत नाही, हे सांगूनसुद्धा कुणी खोली देईना. एकाने माझं तमिळ ऐकलं, "वडक्कन" म्हणाला आणि दार लावलं. वडक्कन म्हणजे उत्तरेकडचा. मी बाहेरून म्हणालो, मी उत्तरेकडचा नाही हो, महाराष्ट्रातला आहे. तो आतून म्हणाला, ते उत्तरेलाच आहे. नंतर विचार केला तर त्याचंही बरोबर होतं.

त्याच गल्लीत उभा राहून बायकोला फोनवर सांगत होतो की इथे काही जमत नाही. वरच्या सज्ज्यातून आवाज आला, "मराठी बोलतोंस की काय रे?"

मी वर पाहिलं. पांढऱ्या केसांच्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घातलेल्या बाई वाकून बघत होत्या.

"हो," मी म्हणालो.

"मग बाहेर कां उभा आहेंस? वर ये."

त्या दिवसापासून मागची खोली आमची. मुलगी तिथेच रांगायला लागली. अक्कांनी आमच्यासाठी बाकी काही केलं नसतं तरी एवढं पुरे होतं. पण त्यांनी पुष्कळ केलं, आणि त्यातलं एक सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो.

मला तमिळ बोलता येतं. वाचता येत नाही. ती गोल गोल अक्षरं मला सगळी सारखीच दिसायची. त्यामुळे या शहरात काय चाललंय ते मला नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळायचं. सकाळी दुकान उघडण्याआधी मी अक्कांच्या पायरीवर चहा घेऊन बसायचो आणि त्या पेपर वाचायच्या. दोन पेपर. एक एका बाजूचा, दुसरा दुसऱ्या बाजूचा.

"यांत लिहिलें आहे, पूल जाला." दुसरा उचलायच्या. "यांत लिहिलें आहे, पूल पडणार."

"मी काल तिथून आलो, अक्का. अजून बांधतायत."

"तें कुणीच लिहिलें नाहीं," अक्का म्हणायच्या आणि दोन्ही पेपरांची घडी करून ठेवायच्या.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही कोणत्या बाजूच्या? त्या म्हणाल्या, त्यांचे वडील एका पक्षाचे, नवरा दुसऱ्या, आणि दीर लाल बावट्याचा. तिघे एका पंगतीला बसायचे. भांडण भातापर्यंत यायचं, ताकाला थांबायचं. "आणि तुम्ही?" "मी वाढत असे," त्या म्हणाल्या. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आजही माहीत नाही.

मुलीला चौथं लागलं तसा शाळेचा विषय सुरू झाला. माझ्या दृष्टीने तो सोपा होता. जवळच अनुदानित शाळा आहे, अक्कांनी आयुष्यभर तिथेच शिकवलं, आताच्या मुख्याध्यापिका त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. लांबच्या शाळांची फी मला झेपणारी नव्हती. ही शाळा मिळाली तर मुलगी शिकणार, नाही तर वर्ष जाणार. एक वर्ष गेलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. माझं एकच वर्ष चुकलं होतं. पुढच्या वर्षी बसू म्हणालो, आणि ते पुढचं वर्ष कोइमतूरच्या भट्टीपुढे गेलं. 

पण लोकांना तो विषय फार मोठा वाटला.

चहाच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ रोज येतात. बारा महिने काळा शर्ट. देव मानत नाहीत, जात मानत नाहीत, आणि साखर कमी टाकली तर चहावाल्यालाही मानत नाहीत. मी त्यांना अण्णे म्हणतो, म्हणजे दादा. ते म्हणाले, "तमिळ माध्यमात घाल. जिथे राहतोस तिथली भाषा नको? आणि ते हिंदी कुणाच्या डोक्यावर लादतील तर मला सांग."

"माझ्या डोक्यावर कुणी लादली नाही, अण्णे. मला धड येतच नाही."

"तुला कळत नाही, तशीच लादतात," ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर थाप मारून, "तुमच्या राज्यातही लोक उठलेत की पहिलीच्या हिंदीवरून. शाबास." जणू मीच उठलो होतो.

ज्या पेढीचं काम माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं, तिचे मालक याच्या उलट. कपाळाला भस्म, काउंटरमागे देवांबरोबर भारतमातेचं चित्र. त्यांना वाटतं देशाची एक बोली हवी, म्हणून ते माझ्याशी हिंदी बोलतात. त्यांची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी. दोघांनाही तमिळ चांगलं येतं. तरी देशाच्या एकीसाठी आम्ही दोघं घाम गाळत हिंदी बोलतो आणि सोन्याचं वजन सांगायची वेळ आली की गुपचूप तमिळवर येतो. ते म्हणाले, "लडकी को अण्णा नगर में डालो. उधर हिंदी है. कल ट्रान्सफर होगा तो?"

"मेरा किधर ट्रान्सफर, मालिक? भट्टी इधरीच है."

"सोच बड़ा रखो," ते म्हणाले.

तिसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो गावी असतो आणि फोनवर सगळ्या जगात असतो. त्याचा फोन आला. "दाजी, पोरगी मराठी विसरणार. तिला इकडं पाठवा. आम्ही इथं बाहेरच्यांना मराठी बोलायला लावतोय आन् आमची भाची तमिळ बोलणार?"

"अरे, मी इथे बाहेरचाच आहे."

"तुमचं वेगळंय."

"कसं काय?"

"तुम्ही कष्ट करायला गेलाय."

"आणि ते तिकडे कशाला आलेत?"

 मग म्हणाला, "दाजी, तुम्हाला राजकारण कळत न्हाई." ते मात्र खरं होतं. फोन ठेवल्यावर त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. रस्त्यावर चारजण एका फळवाल्याला घेरून, मराठीत बोल म्हणत होते. मी तो दोनदा पाहिला. एकदा त्या चौघांच्या जागी उभं राहून, आणि एकदा फळवाल्याच्या. दोन्ही जागा ओळखीच्या वाटल्या. मग फोन उलटा करून ठेवला.

तिघेही माझ्या भल्याचंच सांगत होते, यात मला शंका नाही. पण तिघांचं ऐकलं असतं तर मुलीचे तीन तुकडे करावे लागले असते.

अक्का म्हणाल्या, "आपली शाळा. मी सांगून ठेवलें आहे. विजयादशमीला जा." इथे विजयादशमीला लहान मुलांना शाळेत घालतात. ताटात तांदूळ पसरतात आणि मुलाचं बोट धरून पहिलं अक्षर काढतात. त्यांनी एक सावधही केलं. शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी कुणीतरी हिंदीचा वर्ग चालवत होतं. एका पक्षाची माणसं येऊन मुख्याध्यापिकेला म्हणाली, बंद करा. दुसऱ्या बाजूची येऊन म्हणाली, बंद केलात तर बघा. निवडणूक जवळ आलेली. "ती घाबरलेली आहे," अक्का म्हणाल्या. "तूं नमस्कार कर, मुलीचें नांव सांग, गप्प बस."

एवढं सोपं काम. तेही मी बिघडवलं, आणि तेसुद्धा चांगल्या हौसेने.

आमच्याकडे दसरा म्हणजे नवे कपडे. बायको म्हणाली, "अहो, शाळेत पँट घालून जाऊ नका. इथली मोठी माणसं वेष्टी नेसतात. एक घेऊ." वेष्टी म्हणजे लुंगीसारखं कमरेला गुंडाळायचं पांढरं धोतर. तिच्याकडे माहेरची इरकली साडी आहे, दसऱ्याला ती नेसणार होती. आम्ही तलावाजवळच्या दुकानात गेलो. विक्रेत्याने वेष्ट्यांचा गठ्ठा पुढे टाकला. सगळ्या पांढऱ्या, फक्त काठ वेगवेगळे. बायकोने पिशवीतून इरकलीचा पदर काढला आणि एकेका काठाशी लावून बघायला लागली. साडी घेताना बायका ब्लाउजपीस लावून बघतात, तसं. शेवटी एक काठ असा जुळला की दोन्ही एकाच मागावर विणल्यासारखे.

रंग कोणते ते मी लिहीत नाही. लिहिले की वाचणारा लगेच कुठल्या तरी बाजूला जाऊन बसेल.

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं, थोडा ताठ झाला आणि म्हणाला, "सरी, अण्णे," म्हणजे ठीक आहे, दादा. वेष्टी नुसत्या कागदात न गुंडाळता चांगल्या पिशवीत घालून दिली. मी बायकोला म्हणालो, दुकान सभ्य आहे.

इथे काठावरून पक्ष ओळखतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं राहून मी ते पाहिलंही नव्हतं. मी माणसांच्या गळ्यातलं सोनं बघतो, पायापाशी कशाला बघायला जातोय? आमच्याकडे काठ म्हणजे काठ. तो बायकांनी निवडायचा आणि पुरुषांनी मान हलवायची.

विजयादशमीला सकाळी निघालो. आदल्या दिवशी भट्टी, मूस, चिमटे यांची पूजा झालेली, कपाळाला गंध होतंच. खिशात बायकोने आपट्याची पानं म्हणून जी मिळाली ती कागदात गुंडाळून घालून दिली होती. शाळेबाहेर पालकांची रांग. मी मागे उभा राहिलो तर पुढचा माणूस वळला, माझ्या पायांकडे पाहून म्हणाला, "तुम्ही पुढे चला, अण्णे." त्याच्या पुढचाही सरकला. मी बायकोला म्हणालो, "बघ, सणाला माणसं किती चांगली वागतात."

गेटपाशी काळ्या शर्टवाले अण्णे उभे होते. मला आश्चर्य वाटलं. "तुम्ही इथे? आज?"

"नातीला घेऊन सून आत गेलीये," ते म्हणाले. "तांदळात अक्षर काढल्याशिवाय पोरगी शिकणार नाही म्हणे. मी गेटच्या आत येत नाही." मग त्यांची नजर खाली गेली. "हे काय? तू कधीपासून?"

"आजच," मी म्हणालो. "नवीन आहे. हिने निवडलं."

ते माझ्या बायकोकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू ती कुठे सभा घेत हिंडते. तेवढ्यात एक तरुण मुलगा धावत आला. त्याचीही वेष्टी माझ्यासारखीच. माझा हात हातात घेतला, "वांगा, अण्णे", म्हणजे या दादा, म्हणाला, माझ्याशेजारी उभं राहून फोनवर फोटो काढला. मुलगी माझ्या कडेवर होती. बायको बाजूलाच होती, पण फोटोत तिचं फक्त कोपर आलं, हे नंतर कळलं.

आत मुख्याध्यापिका टेबलामागे बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर केली, काठ पाहिला आणि चेहरा असा बंद केला जसं दुकान बंद करतात. मला वाटलं, नमस्कार कमी पडला. अक्कांनी गप्प बस म्हणून सांगितलं होतं. पण सणाचा दिवस, मोठं माणूस समोर, आणि आमच्याकडे दसऱ्याला पान देऊन "सोनं घ्या" म्हणतात. मी खिशातून कागदाची पुडी काढली, टेबलावर ठेवली आणि तमिळमध्ये म्हणालो, "तंगम. तुमच्यासाठी."

तंगम म्हणजे सोनं. मी सोन्याचा माणूस, हे अक्कांनी त्यांना आधीच सांगितलेलं. म्हणजे त्यांच्या बाजूने बघा: पक्षाचा काठ नेसलेला एक सोनंवाला भरल्या शाळेत टेबलावर पुडी ठेवून म्हणतोय, सोनं घ्या.

त्या उभ्या राहिल्या. पुडीला हात न लावता म्हणाल्या, "उचला ते. तुमच्या माणसांना सांगा, हॉलचं काय करायचं ते मी ठरवीन. आणि बालवर्गात जागा नाही."

"माझी माणसं?" मी म्हणालो. "मॅडम, माझी माणसं हीच. दोघी."

"पुढचे या," त्या म्हणाल्या.

बाहेर मुलीने विचारलं, तांदूळ कुठाय? दुसऱ्या मुलांच्या बोटांना तांदळाची पांढरी पूड लागलेली तिने पाहिली होती.  मी तिला घरी जाऊन आमच्याच ताटात तांदूळ पसरून दिले. पण अक्षर कोणतं काढू ते सुचेना, म्हणून तिचं बोट धरून नुसता गोल काढला.

दुपारपर्यंत तो फोटो माझ्याकडे तीन वाटांनी परत आला. पहिला टपरीवरच्या पोरांकडून, खाली तमिळमध्ये मजकूर. दुसरा पेढीच्या मालकांकडून, तोही तमिळमध्ये, पण वेगळा. तिसरा मेहुण्याकडून, मराठीत. मराठीतला मी वाचला: 'मद्रासमध्ये आपल्या मराठी बांधवाला तिथल्या पक्षाचा काठ नेसल्याशिवाय मुलीला शाळेत घेत नाहीत. जागे व्हा.' खाली मेहुण्याने विचारलं होतं, दाजी, खरंय का?

आता याला काय उत्तर द्यायचं? काठ नेसला होता, खरं. शाळेत घेतलं नाही, तेही खरं. फक्त काठ नेसला म्हणून घेतलं नाही, नेसला नाही म्हणून नव्हे. एवढा एक शब्द इकडचा तिकडे. पण तो समजवायला बसलो की माझंच डोकं फिरायचं.

बाकीचे दोन मजकूर घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांनी भिंग काढलं. हल्ली त्यांचा एक डोळा पार अधू झाला होता आणि दुसराही दमत चालला होता. फोन भिंगाखाली धरून त्यांनी हळूहळू वाचलं. "यांत लिहिलें आहे, उत्तरेचा मजूरसुद्धां आमचा काठ नेसतो आणि मुलीला तमिळ शिकवतो. यांत लिहिलें आहे, बाहेरून भाड्याचीं माणसें आणून पक्ष गर्दी वाढवतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तूं खरेंच नेसलास?"

"हो. का?"

"कुणाचा काठ आहे, ठाऊक आहे काय रे पा?"

"हिच्या साडीचा," मी म्हणालो.

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आलं आणि ते आवरेना. डोळे पुसत त्यांनी मला सगळं समजावलं: कोणता काठ कुणाचा, लोक रांगेतून का सरकले, मुख्याध्यापिका का उठल्या. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मला हसू येत नव्हतं. माझ्या मुलीची जागा गेली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. पेढीवरून काम येईना. मी गेलो तर मालक प्रथमच माझ्याशी तमिळमध्ये बोलले, आणि तेव्हा मला कळलं की ते रागावलेत. मी म्हणालो, मालिक, वो साडी का मॅचिंग था. ते म्हणाले, सगळे असंच सांगतात. टपरीवर त्या पक्षाची पोरं माझ्या चहाचे पैसे देऊ लागली आणि काळ्या शर्टवाले अण्णे म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं का? कुठल्याच काठाची नेसू नकोस म्हणालो असतो." मी त्या पोरांना सांगून पाहिलं की गैरसमज झालाय. त्यांनी डोळा मारला. खरं सांगावं तर कुणाला पटत नव्हतं आणि गप्प बसावं तर प्रत्येकजण माझ्या तोंडून आपापलं बोलत होता. मला स्वतःलाही कधी कधी शंका यायची, आपण खरंच कुणाचे आहोत की काय, आणि आपल्यालाच तेवढं माहीत नाही.

मुख्याध्यापिका अक्कांचा फोन घेत नव्हत्या. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी सकाळी अक्का काठी घेऊन खाली आल्या. बायकोला म्हणाल्या, "तीच साडी नेस." मला म्हणाल्या, "तूं पँट घाल. वेष्टी हातांत घे."

रिक्षातून उतरून त्या त्यांच्याच जुन्या शाळेच्या पायऱ्या चढल्या. माझ्या खांद्यावर हात टाकून, प्रत्येक पायरी चाचपत. मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली. अक्का बसल्या नाहीत. माझ्या हातातली वेष्टी घेतली, माझ्या बायकोला जवळ ओढलं, आणि वेष्टीचा काठ तिच्या पदराच्या काठावर ठेवला.

"बघ," त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेने चष्मा लावला. वाकून दोन्ही काठ बघितले, बोटाने चाचपले.  मग त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "हा पोत कुठला? इथे मिळत नाही."

"इरकल. आईकडची," बायको म्हणाली. तिचं तमिळ भाजीपुरतंच, पण एवढं आलं.

"आणि तें सोनें," अक्का म्हणाल्या, "झाडाचें पान होतें. त्यांच्यांत देतात." त्यांनी बायकोच्या पिशवीतून वाळलेलं पान काढून टेबलावर ठेवलं.

मुख्याध्यापिका हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. खुर्चीत बसून म्हणाल्या, "टीचर, मला आता कळलं. पण बाहेर कुणाला कळणार? काठवाले येऊन विचारून गेले, आमच्या माणसाला जागा का नाही. दुसरे येऊन सांगून गेले, त्याला जागा दिलीत तर तुम्ही त्यांच्या. आता दिली तरी मी कुणाचं तरी ऐकलं, नाही दिली तरी कुणाचं तरी ऐकलं. मी करू काय?"

मला त्या बाईंची दया आली. माझ्यासारखंच झालं होतं त्यांचं. मी म्हणणार होतो, राहू दे मॅडम, आम्ही दुसरीकडे बघतो. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"तुझे वडील तुला शाळेत घालायला आले," त्या म्हणाल्या, "तेव्हां त्यांच्या वेष्टीला काठ होता. कोणता होता, तुला आठवतें, मला आठवतें. तेव्हांही निवडणूक होती. मी तुझें नांव विचारलें. दुसरें कांहीं विचारलें काय?"

हे त्या तमिळमध्येच म्हणाल्या, पण मला ते आठवतं ते त्यांच्या मराठीत.

मुख्याध्यापिकेने टेबलावरचं पान उचलून पाहिलं. मग माझ्या मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

मुलीने सांगितलं. पुढे होऊन विचारलं, "तांदूळ आहे का?"

सण होऊन गेलेला. तरी शाळेच्या स्वयंपाकघरातून ताटात तांदूळ आणले. मुलीचं बोट कुणी धरायचं यावर दोघी एकमेकींना आग्रह करत राहिल्या, शेवटी अक्कांनी धरलं. त्यांना ताट नीट दिसत नव्हतं. तरी अक्षर बरोबर आलं असणार, कारण मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण फोटो अजून फिरतो आहे. पेढीचे मालक परत काम देऊ लागले, म्हणाले, "हमको पहले से मालूम था." काय मालूम होतं ते विचारायचा धीर मला झाला नाही. काठवाली पोरं अजून "अण्णे" म्हणून हात करतात. मेहुण्याला मी सगळी हकीकत सांगितली, तर म्हणाला, दाजी, तुम्हाला घाबरवलंय का तिथं कुणी? मुख्याध्यापिकेने संध्याकाळचा वर्ग चालू ठेवला की बंद केला ते मी मुद्दाम विचारलेलं नाही. मी हे लिहितोय, तर यातलाही एखादा तुकडा कापून कुणी आपल्या कामाला लावेल की काय, अशी धास्ती वाटते. माझी बायको फोटोतून कापली गेली, तसाच.

एकदा पायरीवर बसून मी अक्कांना विचारलं, "अक्का, या सगळ्यांत खरं कोण बोलतं?"

"असके थोडें थोडें खरें बोलतात," त्या म्हणाल्या. असके म्हणजे सगळे. "तेंच तर कठीण आहे रे पा."

दोन्ही पेपर त्यांच्या मांडीवर घडी न मोडता पडलेले होते. अजूनही दोन्ही येतात. डॉक्टर म्हणतात, दुसरा डोळा आहे तेवढा राहिला तरी नशीब. भिंगाखाली मथळा कसाबसा दिसतो, खालचं दिसत नाही. त्यांची मुलं परदेशात आहेत, नातवंडांना ना तमिळ वाचता येतं ना मराठी. पेपर कुणीतरी वाचून दाखवावा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणायची सवय नाही.

मुलगी शाळेतून आली की दाराशी बसून पाटीवर अक्षरं काढते. मी दुकानातून जेवायला आलो की तिच्याशेजारी बसतो आणि तिच्या अक्षराखाली माझं अक्षर काढतो. तेजाबाने बोटांच्या टोकाची कातडी जाड झालीये, पेन्सिल धरवत नाही. गोलाई जमत नाही. मुलगी पुसून पुन्हा काढायला लावते. मागच्या आठवड्यात मी रस्त्यावरच्या एका पाटीवरचं दुकानाचं नाव स्वतः वाचलं. चूक वाचलं असेल, पण वाचलं.

अक्का, तुमच्या उपकारांतून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. पण एक शब्द देतो. एक दिवस सकाळी मी या पायरीवर बसेन, आधी एक पेपर उघडेन, मग दुसरा, आणि दोन्ही तुम्हाला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तमिळमध्ये वाचून दाखवीन. अडखळत वाचेन. पण गाळणार काही नाही.